रशियन येणारा बाप

मुलगा प्रज्ञेश गेल्याची बातमी उत्तमरावांनी स्वतःच वाचली, कारण घरात रशियन येणारे तेच एकटे होते.

फेब्रुवारीतली सकाळ होती, साडेअकराचा सुमार. हैदराबादेत अंबरपेठच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात विठाबाई गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मुलगी पिंकी कोठी भागातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला होती, ती आठलाच बाहेर पडली होती. उत्तमरावांच्या फोनवर एक फोटो आला. पाठवणारा हरियाणाकडचा कुणी मुलगा, रशियात प्रज्ञेशच्या तुकडीतला. वर हिंदीत एवढंच लिहिलं होतं, की अंकल, तुम्हाला रशियन येतं असं प्रज्ञेश सांगायचा, हा कागद बघून घ्या. खाली घाईत काढलेला तिरका फोटो. शिक्का, तारीख, नाव. नाव त्यांच्या लिपीत चुकवून लिहिलेलं, प्रागनेश. आणि नावापुढे एक शब्द, पगीब.

रशियनमध्ये मरण्याला दोन शब्द आहेत. अंथरुणावर, दवाखान्यात, वय होऊन मरतो त्याचा शब्द वेगळा. पगीब म्हणतात तो लढाईत जातो, नाहीतर कुठल्या अपघातात. उत्तमरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत वाचलं.

"विठा," त्यांनी हाक मारली.

"काय हो?"

"पज्जू गेला."

"आता कुठं गेला?" विठाबाईंनी शेंगांवरून मान वर केली नाही. दोन महिने त्या हेच ऐकत होत्या. आज या गावी गेला, आज त्या छावणीत नेला.

उत्तमरावांना नीट शब्द सापडेना. त्यांच्या तोंडी आला तो त्यांच्याच कवितेतला.

"कामी आला."

विठाबाईंनी हातातली शेंग परातीत ठेवली. नवऱ्याकडे बघितलं. मग विचारलं, "कुणाच्या कामी?"

शेजारच्या घरातला मिक्सर चालू होता, तो बंद झाला. विठाबाई उठल्या, दूध उतू जात होतं, त्याखालचा गॅस बंद केला, आणि तिथेच ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

उत्तमराव मूळचे नांदेडकडचे. वडील मजुरीला म्हणून हैदराबादला आले ते इथलेच झाले. उत्तमराव रेल्वेत कारकून म्हणून लागले आणि हेड क्लर्क होऊन निवृत्त झाले. या शहरात मराठी कविता वाचणारी जी चाळीस-पन्नास माणसं उरली होती, ती सगळी त्यांना ओळखत. त्यांचे तीन संग्रह निघाले होते, आणि तिन्हींत मिळून सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द बहुधा साम्राज्य हाच असेल.

त्याला कारण होतं. त्यांचा आजा कोंडाजी पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर इराकातल्या बसऱ्याला गेला होता, खेचरं हाकायला. गावात एक साहेब आला, त्याने कागद पुढे केला, कोंडाजीने अंगठा उठवला. कागदात काय लिहिलंय ते गावात कुणाला वाचता येत नव्हतं. पुढं कोंडाजीचं काय झालं हे कधीच कळलं नाही. घरात कुणी तो मेला असं म्हणत नसे. बसऱ्याला गेला, म्हणत. उत्तमरावांची आजी सत्तर वर्षांची होऊन वारली, तोवर तिचा नवरा बसऱ्यालाच होता. यावरची कविता उत्तमरावांनी बाविसाव्या वर्षी लिहिली आणि ते कवी झाले.

पुढे रेल्वेच्या युनियनमध्ये शिरले. त्या काळात कोठीत सोव्हिएत पुस्तकं चहाच्या किमतीला मिळत. गुळगुळीत कागद, पक्की बांधणी. ती वाचता वाचता उत्तमराव संध्याकाळच्या रशियन वर्गाला जायला लागले. डबल ड्यूटी करून आले तरी वर्ग चुकवत नसत. आणि एकोणीसशे सत्त्याऐंशीमध्ये, तिसाव्या वर्षी, युनियनच्या शिष्टमंडळातून ते तीन आठवडे रशियाला जाऊन आले. ज्याच्या बापाला गावातल्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याला मॉस्कोत लोकांनी कोट चढवायला मदत केली. हे ते कधी विसरले नाहीत.

परत आल्यावर लिहिलेली 'बर्फातली भाकर' ही त्यांची सर्वांत गाजलेली कविता. गाडीच्या डब्यात भेटलेला एक रशियन शिपाई आपली भाकर मोडून अर्धी या परक्या माणसाला देतो, एवढाच प्रसंग.

बर्फात उभ्या शिपाया, तुझ्या हातची भाकर
अर्धी मला दिलीस, अर्धी जगाला दे.

नंतर तो देश मोडला, नकाशा बदलला, कोठीतली ती पुस्तकं रद्दीत गेली. उत्तमरावांचं मत मात्र बदललं नाही. साम्राज्य म्हणजे इंग्रज, आणि इंग्रजांनंतर अमेरिका. युक्रेनची लढाई सुरू झाली त्या वर्षी त्यांनी एका दिवाळी अंकाला रशियाच्या बाजूची कविता दिली, की चहूकडून कुंपण घातलं की जनावर उठणारच. विद्यानगरचे नामदेवराव हे त्यांचे जुने मित्र, निवृत्त मास्तर. कविता वाचून ते म्हणाले होते, "उत्तमराव, ज्याच्या घरावर बाँब पडतोय त्याचं काय?" त्यावर उत्तमरावांनी त्यांना अर्धा तास इतिहास ऐकवला होता. प्रज्ञेश तेव्हा तिथेच होता, बापाला घरी न्यायला गाडी घेऊन आलेला. जाताना गाडीवर म्हणाला, "पप्पा, तुम्ही बोलायला लागले की कुणाचं चालत नाही, हां."

प्रज्ञेश बी.कॉम. झालेला, एकोणतीस वर्षांचा. कपड्याच्या एका मोठ्या दुकानात सुपरवायझर होता, ते दुकान बंद पडलं. मग सामान पोचवायचं काम. स्वभावाने गमत्या, आईला उचलून गरगर फिरवणारा. मराठी बोलता बोलता हैदराबादी हिंदीत घसरायचा. फोनवर त्याला एक जाहिरात दिसली. रशियात मदतनीसाचं काम, गोदामात नाहीतर स्वयंपाकघरात, लढाईशी संबंध नाही, वर्षभराने तिथलेच कायमचे कागद. एजंट दुबईत बसलेला होता, फोनवर अगदी आदबीने बोलायचा.

विठाबाईंना पसंत नव्हतं. "इतक्या थंडीत कशाला मरायला?" त्या म्हणाल्या. बोलण्यातलंच म्हणाल्या होत्या.

"अम्मी, नक्को टेन्शन घेऊ," प्रज्ञेश म्हणाला. "पप्पांना विचार. पप्पांचा देश आहे तो."

उत्तमराव हसले होते. त्यांना खरं तर आनंद झाला होता. जायच्या आधीचा आठवडाभर त्यांनी पोराला रोज संध्याकाळी दहा दहा शब्द शिकवले. पाणी, भाकर, रस्ता, डॉक्टर, धन्यवाद. वही घेऊन बसायचे. पोरगा चुकीचे उच्चार करायचा आणि दोघंही हसायचे. विमानतळावर जाताना त्याने खिडकीतून ओरडून जे रशियन वाक्य म्हटलं, त्याचा अर्थ होता, मी विद्यार्थी आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, त्याचा मॉस्कोहून फोन आला. आवाज दबलेला होता.

"पप्पा, इथं कागद दिलेत सहीला. सगळे रशियन. एजंटचा माणूस बोलतो, बस साइन करो. मी बोललो माझ्या पप्पांना येतं, त्यांना दाखवून करतो. फोटो पाठवलेत. बघा ना जरा."

कागद बारा पानांचा होता, फोटो पाचच पानांचे. उत्तमरावांनी जुना शब्दकोश काढला, पण पहिल्या पानासाठी त्याची गरज पडली नाही. वयेन्नाया स्लूझ्बा. लष्करी सेवा. हे दोन शब्द त्यांना स्वच्छ वाचता आले.

"हे लष्कराचं आहे रे," ते म्हणाले.

"हौ, आर्मीच्याच किचनमध्ये लावतात म्हणे. पुढं नाही पाठवत बोलले."

"तसं इथं कुठं लिहिलेलं दिसत नाही."

"मग काय करू? नाही म्हणू काय? हे लोक बाहेर उभे आहेत पप्पा. पासपोर्ट त्यांच्याकडे आहे."

उत्तमरावांनी परत कागद पाहिला. शिक्का सरकारचा होता. एजंट खोटं बोलू शकतो, हे त्यांना कळत होतं. पण हा कागद एजंटाचा नव्हता. त्यांना वाटलं, भीती वाटायची ती एजंटाची. सरकारच्या हातात गेल्यावर पोरगा उलट सुरक्षित होईल. तिथलं सरकार आपल्या पोराला, भारतातून आलेल्या पोराला, तोफेच्या पुढं ढकलणार नाही. ज्या लोकांनी आपल्याला कोट चढवायला मदत केली ते असं करणार नाहीत.

"सरकारी कागद आहे," ते म्हणाले. "कर सही."

"पक्का ना पप्पा?"

"पक्का."

पंधरा दिवसांनी प्रज्ञेशने सांगितलं, की त्याला बंदूक दिली आहे. उत्तमराव म्हणाले, गोदामाच्या पहाऱ्याला देत असतील. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याने सांगितलं, की खंदक खणायला नेतात आणि वर सतत काहीतरी भिरभिरत असतं. उत्तमरावांनी तुकडीच्या अधिकाऱ्याला रशियनमध्ये पत्र लिहिलं. तीन वेळा लिहिलं, प्रत्येक वेळी व्याकरण तपासून. उत्तर आलं नाही. दिल्लीला अर्ज केले, तिथून मात्र फोन आले, प्रयत्न चालू आहेत असं कळलं. प्रज्ञेशचा शेवटचा फोन जानेवारीत आला. तो थंडीबद्दल बोलला, मोजे ओले राहतात म्हणाला. आईशी बोलला, पिंकीला तिच्या गाडीचं सर्व्हिसिंग केलंस का म्हणून विचारलं. बापाला एवढंच म्हणाला, "पप्पा, तुमचे दहा शब्द कामाला येतात."

मृतदेह यायला सहा आठवडे लागले. ते सहा आठवडे उत्तमराव कागद भरत होते. या खात्याला अर्ज, त्या खात्याला नक्कल, रशियन दाखल्याचं मराठीत भाषांतर, मराठीचं इंग्रजीत. काम असल्यामुळे त्यांना बरं वाटत होतं. बरं म्हणजे काहीच वाटत नव्हतं. जेवायला बसले की जेवत. झोप लागे. नातेवाईक यायचे, गळ्यात पडून रडायचे, आणि उत्तमराव त्यांच्या पाठीवर हात फिरवायचे.

पेटी विमानतळाच्या मालाच्या बाजूने आली. बाहेरून लाकूड, आत पत्रा, डाग देऊन बंद केलेली. उघडू नका असं बरोबरच्या कागदावर लिहिलं होतं. ते वाचून बायकोला आणि मुलीला सांगायचं कामही उत्तमरावांनाच करावं लागलं.

"मला एकदा बघू द्या," विठाबाई म्हणाल्या.

"नको. लिहिलंय त्यात."

"काय लिहिलंय?"

"उघडू नका म्हणून."

विठाबाई पेटीच्या एका बाजूवर तळहात ठेवून बसल्या. पांढरी लुगडी नेसलेल्या बायका भोवती बसल्या होत्या. भंतेजींनी त्रिशरण पंचशील म्हटलं. गल्लीतले लोक आले होते, समोरचा किराणावाला यादगिरी दुकान बंद करून आला होता, मागच्या गल्लीतले खानसाब आले होते. एका वाहिनीवाल्याने उत्तमरावांच्या तोंडापुढे माइक धरला आणि विचारलं, तुम्ही कवी आहात, या क्षणी कुठल्या ओळी सुचतात? पिंकीने त्याचा माइक हाताने खाली दाबला. उत्तमराव पेटीवरच्या चिठ्ठीकडे बघत होते. त्यावरही प्रागनेश असंच लिहिलं होतं, आणि निळ्या शाईच्या पेनाने ते दुरुस्त करावं असं त्यांना सारखं वाटत होतं.

अंबरपेठच्या स्मशानात घरच्यांना लांब थांबवून कामगारांनी पत्रा कापला, आणि दहन झालं. घरी आल्यावर त्यांनी अंघोळ केली, कपडे पिळून वाळत घातले. दोरीवर प्रज्ञेशचा एक जुना शर्ट कित्येक दिवस तसाच होता. तो त्यांनी चिमटे न काढता बाजूला सरकवला आणि आपलं धोतर टाकलं.

एप्रिलमध्ये नामदेवरावांनी आपल्या घरी शोकसभा ठेवली. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्या वरच्या मजल्यावर कविता वाचायला माणसं जमत, त्याच जागी. तीसेक माणसं आली. विठाबाई म्हणाल्या, मी नाही येत, मला कविता ऐकायची नाही. पिंकी बापाला गाडीवर घेऊन आली आणि मागे भिंतीला टेकून बसली.

दोघं-तिघं बोलले. मग नामदेवराव म्हणाले, "आता आपण उत्तमरावांची 'बर्फातली भाकर' वाचणार होतो. पण त्यांची परवानगी असेल तरच."

"मी बोलतो," उत्तमराव म्हणाले.

ते उभे राहिले. हातात कागद नव्हता. नामदेवरावांच्या सूनबाईंनी पंख्याचा आवाज होतो म्हणून पंखा बंद केला, तसं खोलीत एकदम गरम व्हायला लागलं.

"त्या कवितेत शिपाई आहे," ते म्हणाले. "डब्यात शिपाई नव्हता. एक बाई होती, साठीची. रात्रभराचा प्रवास होता. तिने सकाळी पिशवीतून भाकर काढली, मोडली आणि मला दिली. मी विचारलं, तुम्ही एकट्याच प्रवास करताय काय. माझं रशियन तेव्हा चांगलं होतं. ती म्हणाली, मुलगा बरोबर असायचा. तो अफगाणिस्तानात पगीब. हा शब्द मी तिच्याकडून शिकलो. मी तिला परत विचारलं, म्हणजे काय, तर तिने मला समजावून सांगितलं, की म्हणजे आपोआप मेला नाही."

उत्तमराव पुढे बोलत राहिले, ऑफिसात एखादी फाइल वाचून दाखवावी तशा आवाजात.

"मला ते कवितेत घालता येईना. तिचा मुलगा दुसऱ्याच्या देशात जाऊन मेला होता, आणि त्याला पाठवणारे माझे लोक होते. ते मी साम्राज्यात धरत नव्हतो. मग मी बाईला काढलं आणि तिच्या जागी शिपाई घातला. शिपायाच्या हातात भाकर छान दिसली. सदतीस वर्षं तुम्ही सगळ्यांनी तिला टाळ्या दिल्या. माझ्या पोराने पण लहानपणी ती कविता पाठ केली होती."

नामदेवराव म्हणाले, "उत्तमराव, बसा आता. पाणी घ्या."

"अजून आहे," उत्तमराव म्हणाले. "प्रज्ञेशने मला करार दाखवला होता. सही करायच्या आधी. पहिल्याच पानावर लष्करी सेवा असं लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं. माझ्या आजाला कागद वाचता येत नव्हता. मला येत होता. मी त्याला सही कर म्हणालो."

ते खाली बसले. पिंकी मागून उठली आणि जिना उतरून निघून गेली. तिच्या गाडीचा आवाज वरपर्यंत ऐकू आला.

उत्तमराव रिक्षाने घरी आले. पिंकी आतल्या खोलीत होती, दार लावलेलं. विठाबाई बाहेर पलंगावर बसल्या होत्या.

"पिंकीने सांगितलं?" उत्तमरावांनी विचारलं.

"काय सांगायचं राहिलं होतं?" विठाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी तिथंच तांदूळ निवडत होते. तुम्ही पक्का म्हणालात ते ऐकलं मी."

उत्तमराव खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"बोलून?" विठाबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणलात तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं. म्हणलं, ह्यांना कळतं तिकडचं. मी तरी कुठं फोन ओढून घेतला?" मग त्या म्हणाल्या, "जेवायचंय का? भात आहे."

त्यांनी भात खाल्ला.

पिंकी बापाशी तीन आठवडे बोलली नाही. सकाळी डबा भरून जायची, संध्याकाळी यायची, आईशी बोलायची. उत्तमरावांनी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. दिवाळी अंकातली ती कविता पुढच्या संग्रहात येणार होती. प्रकाशकाने विचारलं, वगळू का? उत्तमरावांनी कळवलं, वगळू नका. तारीख घालून छापा. 'बर्फातली भाकर' परत लिहायला मात्र ते एकदा बसले. बाई, भाकर, पिशवी, एवढं लिहिलं. तिच्या डोक्याला रुमाल होता की नव्हता ते त्यांना आठवेना. कुठल्या स्टेशनवर ती उतरली तेही आठवेना. शिपायाचा मात्र चेहरासुद्धा त्यांना स्पष्ट दिसत होता, जो कधी नव्हताच. त्यांनी वही मिटली.

मेच्या पहिल्या आठवड्यात बीदरहून लक्ष्मणराव नावाच्या माणसाचा फोन आला. त्यांचा पुतण्या कौस्तुभ मॉस्कोत अडकला होता, तसाच, एजंटामार्फत गेलेला. सभेची बातमी एका मराठी पेपरात चार ओळींत आली होती. ती वाचून लक्ष्मणरावांनी नंबर शोधला होता.

"साहेब, तुमच्यावर काय प्रसंग आलाय ते ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "मागणं मागायचं तोंड नाही. पण पोराने कागदाचे फोटो पाठवलेत. तुम्हाला वाचता येतं. उद्या दुपारपर्यंत सही मागतायत."

"सगळी पानं आहेत काय?" उत्तमरावांनी विचारलं.

"हो. बाराच्या बारा."

"पाठवा."

फोटो आले. अक्षर बारीक होतं, आणि फोन हातात धरून एकाच वेळी वाचायला, शब्दकोश बघायला आणि लिहायला त्यांना जमेना. पान मोठं करायला जावं तर दुसरंच पान उघडे. पिंकीची सुट्टी होती. ती दारात उभी राहून थोडा वेळ हे बघत होती. मग आली, त्यांच्या हातातून फोन घेतला, फोटो लॅपटॉपवर मोठे केले आणि शेजारी बसली.

"तुम्ही बोला," ती म्हणाली. "मी टाइप करते."

तीन आठवड्यांतलं तिचं हे पहिलं वाक्य होतं. उत्तमराव वाचायला लागले. त्यांनी या वेळी काहीच सोडलं नाही. पहिल्या पानावरचे ते दोन शब्द आले तेव्हा पिंकीची बोटं थांबली. तिने विचारलं, "हेच?"

"हेच," ते म्हणाले. "लिही. लष्करी सेवा."

"ष पोटफोडा की दुसरा?"

"पोटफोडा."

आठव्या पानावर, प्रज्ञेशने जे पान पाठवलं नव्हतं त्यावर, असं कलम होतं की लढाई चालू असेपर्यंत करार आपोआप वाढत राहील. उत्तमरावांनी ते दोनदा वाचलं. त्यांना वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल, छातीत दुखेल, रडू येईल. काही झालं नाही. नवव्या पानावर गेले.

अडीच तासांनी त्यांनी लक्ष्मणरावांना फोन लावला आणि स्वच्छ सांगितलं, की यात स्वयंपाकघर कुठंही नाही, गोदाम कुठंही नाही, यात लढाई आहे. सही करू देऊ नका. पासपोर्ट गेला तरी चालेल, पोराने पायी वकिलातीच्या दारात जाऊन बसावं. सही नाही म्हणजे नाही. हे वाक्य त्यांनी लक्ष्मणरावांकडून परत म्हणवून घेतलं.

कौस्तुभने सही केली नाही. त्याला एका खोलीत कोंडलं, धमकावलं, पण चौथ्या दिवशी तो निसटला, आणि जूनमध्ये बीदरला पोचला. ते कळलं तेव्हा उत्तमराव फोनवर "बरं झालं" म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं की नाही, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. विठाबाईंना त्यांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याच्या आईला फोन लावून द्या." दोघी बायका बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते विठाबाईंनी सांगितलं नाही.

त्यानंतर फोन येतच राहिले. गुलबर्ग्याहून, सुरतेहून, पंजाबातल्या एका खेड्यातून. बहुतेक कागद सह्या होऊन गेल्यानंतर येत. मग वाचून काही उपयोग नसे, तरी लोकांना अर्थ हवा असे. काही कागदांवर पगीब असायचं. ते उत्तमराव फोनवर सांगत नसत. घरात आणखी कोण आहे विचारत, आणि त्यांना बसायला सांगत. अशा वेळी तरी आपला आवाज कापेल असं त्यांना वाटे, पण तो कापत नसे.

रविवारी पिंकीला सुट्टी असते. त्या दिवशी दोघं टेबलाशी बसतात. परवाच्या रविवारी नामदेवराव आले होते. उंबऱ्यातूनच म्हणाले, नवीन काही लिहिलंय काय? उत्तमराव म्हणाले, चालू आहे, बसा. नामदेवराव कॉटवर बसून पेपर वाचू लागले. पिंकीने सातवं पान उघडलं.

"पप्पा, हे खाली बारीक अक्षरात काय आहे?"

उत्तमरावांनी भिंग घेतलं. "थांब," ते म्हणाले, "हे पण घ्यायचं."